झेंडा दिसला का?

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

पूरक नियमावलीचा मसुदा आज एकदाचा संपवला. पंधरा तारखेची मोटोक्रॉसची शर्यत तशी छोटी. शहराबाहेरच्या माळावर जेसीबीने उकरलेला मातीचा ट्रॅक, पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूरकडची मुलं, आणि चहाची एक टपरी. पण नियम लिहिताना शर्यत छोटी आहे हे विसरावं लागतं. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदारकी केल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळींना वाटतं, ज्याने आयुष्यभर हुकूमनाम्यांच्या नकला तपासल्या त्याला कायदा येतच असणार.

मोटोक्रॉसमध्ये कायदा म्हणजे झेंडा. पिवळा हलताना दिसला की पुढे धोका: वेग कमी, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे तुला एक फेरी मागे टाकणारा मागून येतोय, त्याची वाट अडवू नकोस. काळा झेंडा आणि सोबत तुझा नंबर दिसला तर गाडी बाहेर काढ. आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस म्हणजे ट्रॅकवर डॉक्टर किंवा स्ट्रेचरवाले आहेत. तिथे उडी मारायची नाही, चाकं मातीला टेकवत उंचवटा चढायचा आणि उतरायचा. टेबलटॉपच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्याच्या, अलीकडून पलीकडचं दिसत नाही, आणि हवेत गेलेल्या गाडीला ब्रेक नसतो. पलीकडे एखादा पडलेला असेल, त्याची मान धरून कुणी बसलेलं असेल, तर शंभर किलोच्या वरची गाडी थेट त्यांच्यावर उतरते.

लाल क्रॉसच्या या एका कलमावर बैठक अडली. स्टुअर्ड म्हणजे आम्ही पंच. आयोजकांना हवं होतं, "स्टुअर्डना योग्य वाटेल ती शिक्षा". मी लिहिलं होतं, "त्या शर्यतीत शेवटचं स्थान". ‘योग्य वाटेल ती’ हे कागदावर उदार दिसतं, पण रविवारी दुपारी त्या शब्दांवर प्रायोजक येऊन बसतो. शेवटी माझंच राहिलं. उशिरा येणं, अर्जातली चूक, ट्रॅकबाहेर जाऊन परत येणं, या कलमांत मात्र ‘स्टुअर्डच्या निर्णयानुसार’ हे मीच घातलं. त्यावर एकजण वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही कडक की मवाळ, एकदा ठरवा की!"

ठरलेलंच आहे. माणूस जमिनीवर पडलेला असेल तिथे कडक. कागद आणि घड्याळाचा प्रश्न असेल तिथे बघू.

७ डिसेंबर, शनिवार

भाचा जेवायला आला होता. तो या मोसमात एक्सपर्ट गटात धावतो, म्हणून त्या गटाच्या कुठल्याही सुनावणीला मी बसत नाही, हे आयोजकांना लेखी देऊन ठेवलंय. आपल्याकडे मातीतल्या शर्यतींचं जग एवढं लहान आहे की पंच, पालक, मेकॅनिक आणि प्रायोजक एकाच लग्नाच्या पंगतीत भेटतात. कागद करून ठेवला नाही तर उद्या नातं बोलतं.

जेवणानंतर त्याने टीव्हीवर अमेरिकेतल्या सुपरक्रॉसचं जुनं चित्रण लावलं. १७ जानेवारी २०१५, कॅलिफोर्नियातलं ॲनाहाइम. चॅड रीड हा ऑस्ट्रेलियाचा रायडर, तोवर दोनदा अजिंक्यपद मिळवलेला. उड्यांच्या रांगेत तो आणि ट्रे कॅनार्ड एकमेकांवर आदळले आणि पडले. रीड उठला, पुढे कॅनार्डला गाठलं आणि त्याच्यावर गाडी घातली. रेस डायरेक्टर जॉन गॅलाघर यांनी काळा झेंडा दाखवला. रीड शर्यतीबाहेर. पहिल्या धडकेचं मात्र काही नाही. शर्यतीत होतं असं, म्हणून सोडून दिलं.

मग भाच्याने दुसरं लावलं. मे २०१७, लास व्हेगास, २५० सीसी गटाची अखेरची शर्यत. झॅक ऑस्बॉर्न सुरुवातीलाच पडला, मागून एकेकाला गाठत आला आणि शेवटच्या फेरीत वळणावर जोई सव्हॅटगीला धडक देऊन पाडून पुढे गेला. त्या एका धडकेत पूर्व विभागाचं अजिंक्यपद त्याच्याकडे आलं, आणि त्याच्याकडेच राहिलं.

"मामा, धक्का इथेही, धक्का तिथेही. एकाला काळा झेंडा, दुसऱ्याला करंडक. हा कुठला न्याय?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. रात्री बसून दोन्ही पुन्हा पाहिलं. रीडला कॅनार्डकडून मिळवायचं काही नव्हतं, फक्त फेडायचं होतं. ऑस्बॉर्नला एक जागा हवी होती. ती आडवं जाऊन घ्यायची की समोरच्याला आडवं करून, एवढाच वाद. रेसिंगची मंडळी ‘ब्लॉक पास’ म्हणतात त्याची हद्द इथेच कुठेतरी संपते. रागाने मारलेला धक्का आणि जागेसाठी मारलेला धक्का यांत फरक करणं मला मान्य आहे. पण फरक करायचा म्हणजे दुसऱ्याला शून्य, असं नाही. इशारा, दंड, वेळेची शिक्षा, जागा कमी करणं, गुण कापणं, मग बाहेर काढणं, एवढ्या पायऱ्या एफआयएमच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, पुस्तकात आहेत. मी तिथे असतो तर ऑस्बॉर्नला एक जागा मागे पाठवलं असतं, आणि अजिंक्यपद बदललं असतं. पहिल्या फेरीत पंचाचा जो हात झटकन उठतो तो शेवटच्या फेरीत जड होतो. कोर्टातही मोठ्या दाव्यांत हे पाहिलंय.

९ डिसेंबर, सोमवार

त्याच ओघात १९७७ चं सॅन अँटोनिओ. १२५ सीसीच्या अमेरिकी राष्ट्रीय मालिकेची शेवटची शर्यत. यामाहाचा बॉब हॅना पुढे, त्याच्यामागे यामाहाचाच तरुण ब्रॉक ग्लोव्हर. सुझुकीच्या डॅनी लापोर्टला अजिंक्यपद मिळणार अशी गुणांची स्थिती. तेवढ्यात यामाहाच्या मेकॅनिकने हॅनासमोर फळा धरला: ब्रॉकला जाऊ दे. इंग्रजी स्पेलिंगही चुकलेलं, घाई तेवढी होती. हॅनाने वाट दिली, ग्लोव्हर आणि लापोर्टचे गुण समान झाले, आणि जास्त शर्यती जिंकल्या म्हणून अजिंक्यपद ग्लोव्हरला. पुढे त्याने अशी सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली, त्यातलं हे पहिलं. लापोर्टही थांबला नाही, १९८२ मध्ये तो २५० सीसीचा जगज्जेता झाला.

चाळीस वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, ईस्ट रदरफर्डला मार्व्हिन मुस्कॅनने शेवटच्या फेरीत संघातल्या रायन डन्जीला असंच पुढे जाऊ दिलं. कोणी म्हणालं संघभावना, कोणी म्हणालं फसवणूक.

यावर पंचाने काय करावं? माझं उत्तर: काहीच नाही. आवडलं नाही म्हणून शिक्षा करता येत नाही. नियम हवा असेल तर मोसम सुरू होण्याआधी लिहा. न लिहिलेल्या नियमाखाली शिक्षा करणारा पंच हा सर्वांत धोकादायक, कारण त्याला आपण फार न्यायी आहोत असं वाटत असतं.

११ डिसेंबर, बुधवार

मार्शलांचा, म्हणजे ट्रॅकवर झेंडे धरणाऱ्यांचा, वर्ग. बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं-मुली. गेल्या २८ जानेवारीला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, परदेशी रायडर आले, दिव्यांच्या झोतात उड्या झाल्या, तेव्हापासून ही गर्दी वाढलीय. बऱ्याच जणांना वाटतं मार्शल म्हणजे जवळून फोटो.

त्यांना तीनच गोष्टी घोकायला लावल्या. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. झेंडा अर्धवट धरायचा नाही, दाखवायचा तर पूर्ण, नाहीतर खाली. आणि वहीत काय दिसलं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. "मुद्दाम धडक दिली" हे वाटणं. "आतल्या बाजूने आला, ब्रेक दिसला नाही, पुढचं चाक समोरच्याच्या पायाला लागलं" हे दिसणं. मुद्दाम होतं की नाही ते ठरवायला आम्ही म्हातारे बसलोय.

एका मुलीने विचारलं, "सर, रायडर म्हणाला झेंडा दिसलाच नाही, तर?" तिला चौथ्या नाक्यावर, मोठ्या टेबलटॉपच्या चढाला उभं करायचं ठरवलं. जिला हा प्रश्न आधी सुचतो ती झेंडा नीट धरते.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

गाड्यांची स्क्रुटिनी, संध्याकाळी सहापर्यंत. सकाळपासून टँकरने पाणी मारून ट्रॅक बसवत होते. गावच्या मंदिरातून सुंठवडा आला, तो ऑइलच्या हातांनीच सगळ्यांनी खाल्ला.

एका मुलाच्या क्लच लिव्हरच्या टोकाची गोळी तुटलेली होती. ती गोळी शोभेची नाही. पडल्यावर लिव्हर पोटात किंवा मांडीत घुसू नये म्हणून असते. मुलगा म्हणाला, "काका, एवढंसं तर आहे." स्क्रुटिनी करणाऱ्याने मान हलवून गाडी बाजूला काढली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे मला आवडलं. दहा मिनिटांत शेजारच्या तंबूतून लिव्हर आला. देणारा मुलगा उद्या त्याच गटात त्याच्याविरुद्ध धावणार आहे.

सहा वाजून गेल्यावर, जवळजवळ सातला, कऱ्हाडचा एक टेम्पो आत आला. खंबाटकीच्या घाटात टायर फुटलेला. मुलगा पंधरा-सोळाचा, सोबत वडील नाहीत, एक मेकॅनिक. सहाला बंद म्हणजे बंद, असं म्हणता आलं असतं. तपासणीचं टेबल अजून उठलं नव्हतं, त्याचा गट उद्या अकराला, त्याच्या येण्याने कुणाची जागा जात नव्हती. गाडी तपासून घेतली. अट एकच: गेटवर जागा निवडायला सर्वांत शेवटी. निर्णय, कारण आणि अट तिघांच्या सह्यांनिशी फलकावर लावली. सवलत द्यायची तर भिंतीवर लावून द्यावी. खिशातून दिलेल्या सवलतीला वास येतो.

झोपताना एक गोष्ट टोचत राहिली. गेल्या मोसमात असाच एक मुलगा उशिरा आला होता, पंच दुसरे होते, त्याला परत पाठवलं होतं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी धुकं, त्यामुळे सराव उशिरा. ब्रीफिंगमध्ये लाल क्रॉसचं कलम मी स्वतः वाचलं, दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

नोव्हिस गटाची पहिली शर्यत. गेट पडलं, धूळ उडाली, पहिल्या वळणाला आयोजकांच्या मुख्य प्रायोजकाचा लोगो छातीवर असलेला मुलगा पुढे. चांगला रायडर आहे, खोटं कशाला बोला. तिसऱ्या फेरीत साताऱ्याचा एक मुलगा टेबलटॉपच्या पलीकडे पडला आणि उठला नाही. डॉक्टर धावले. चौथ्या नाक्यावर लाल क्रॉस वर गेला. आघाडीवरचा मुलगा त्या क्षणी चढावर होता, तो उडाला आणि डॉक्टरांपासून काही हातांवर उतरला. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या फेरीत झेंडा आधीपासून हलत होता. तो पुन्हा उडाला.

त्याच्यामागचा कोल्हापूरचा मुलगा दोन्ही पायांनी जमीन चाचपत चढला, हळूच उतरला. आधी मागच्या चाकाला चिकटलेला होता, आता अंतर एवढं पडलं की पुन्हा भरून निघालं नाही. बाकीचेही त्याच्यामागे रांगेने गेले.

निकाल लागल्याबरोबर सुनावणी. मार्शल मुलीची वही पाहिली: "पहिल्या वेळी झेंडा वर गेला तेव्हा तो चढावर आला होता. दुसऱ्या वेळी तो वळणातून बाहेर पडल्यापासून मी दोन्ही हातांनी हलवत होते." चहाच्या टपरीवरून कुणीतरी फोनवर घेतलेलं चित्रण तिच्याशी जुळत होतं. पहिली उडी सोडली, हवेत निघालेल्याला परत बोलावता येत नाही. दुसरीबद्दल मुलाला विचारलं, "झेंडा दिसला का?"

"दिसला होता. पण मागचा अगदी जवळ आला होता."

त्याचे वडील मध्ये बोलणार होते, पण मुलाचं बोलून झालं होतं. शेवटचं स्थान. कोल्हापूरच्या मुलाला पहिला नंबर.

दुपारची दुसरी शर्यत शिक्षा झालेल्या मुलानेच जिंकली. ती त्याची आहे, त्याला कुणी हात लावला नाही. कऱ्हाडचा मुलगा दोन्ही वेळा शेवटच्या जागेवरून सुटून मधल्या गर्दीत आला.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री शिक्षा झालेल्या मुलाच्या वडिलांनी गाठलं. आवाज चढलेला, पण ‘अहो काका’ सुटलं नव्हतं. "उशिरा आला त्याला माफी आणि जिंकला त्याला शिक्षा? नियम म्हणजे नियम, मग दोघांनाही लावा. नाहीतर दोघांनाही सोडा."

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण टेम्पोचा टायर फुटल्याने कुणाच्या अंगावर गाडी पडत नाही. दुसरं असं की कऱ्हाडच्या मुलाने उशिराची किंमत मोजली, आणि ती फलकावर लिहून मोजली. माझा खरा मुद्दा तिसराच आहे, तो कालच्या गोंधळात मांडता आला नाही. लाल क्रॉसचा नियम सैल सोडला तर पडलेल्या मुलावर अन्याय होतो हे सगळ्यांना कळतं. अन्याय त्या कोल्हापूरच्या मुलावरही होतो, ज्याने झेंडा मानला आणि शर्यत घालवली. तो तक्रार करायला येत नाही, त्याचे वडील टेबलाशी उभे राहत नाहीत. पंचासमोर नेहमी नियम मोडणाराच उभा असतो, त्यामुळे दया त्याचीच येते. नियम पाळून मागे पडलेला खोलीत नसतो.

अमेरिकेत २०१९ ला ह्यूस्टनमध्ये मुस्कॅनने लाल क्रॉस असताना उडी मारली. त्याचे गुण कापले गेले, विजय मात्र त्याच्याच नावावर राहिला. तडजोड म्हणून ठीक, पण व्यासपीठावर उभा राहिला तो राहिला.

काटेकोरपणाची दुसरी बाजूही लिहून ठेवतो. जेम्स स्ट्युअर्ट, दोनदा सुपरक्रॉसचं अजिंक्यपद मिळवलेला. २०१४ मध्ये सिएटलच्या उत्तेजक चाचणीत त्याच्या नमुन्यात ॲम्फेटामिन सापडलं. औषध डॉक्टरांनी दिलेलं होतं, पण वैद्यकीय सवलतीचा परवाना आधी काढलेला नव्हता. १६ महिने बंदी. नियम म्हणून बरोबर. कागद वेळेवर नसेल तर काय होतं ते कोर्टात मी रोज पाहिलंय. ब्रॉक टिकल या दुसऱ्या रायडरचं जास्त खुपतं. उत्तेजक चाचणीचा नमुना २०१८ च्या फेब्रुवारीत सॅन दिएगोला घेतलेला, एप्रिलमध्ये तात्पुरती बंदी, आणि मग निकालाची वाट. शिक्षा किती हे कळेपर्यंत शिक्षेचा बहुतेक काळ सरून गेला. शिक्षा कडक असावी, पण माणसाला ती दिसावी तरी. आपली सुनावणी काल चाळीस मिनिटांत संपली, वडिलांचा राग धरून.

१८ डिसेंबर, बुधवार

साताऱ्याच्या मुलाला हाडाची शस्त्रक्रिया लागली नाही, कॉलरबोन पट्ट्यात बसवलं. फोनवर मजेत होता. दुसऱ्या उडीच्या वेळी तो स्ट्रेचरवर होता, त्याला काही आठवत नाही. डॉक्टरांना आठवतं.

गेल्या मोसमात परत पाठवलेल्या त्या मुलाच्या आईचा फोन आला. फलकाचा फोटो कुणीतरी त्यांना पाठवला होता. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग आमच्या वेळी का नाही?" त्या दिवशी पंच वेगळे होते, हे उत्तर मी दिलं नाही. ते खरं असलं तरी उत्तर नाही. पंच बदलला की दार उघडं किंवा बंद, असं असेल तर त्याला विवेक म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

लगेच कलम दुरुस्त केलं. स्क्रुटिनी बंद झाल्यावर, तपासणीचं टेबल उठेपर्यंत, कुणीही आला तरी प्रवेश, जागा निवडण्यात शेवटचा, आणि उशिराचं शुल्क सगळ्यांना सारखं. टेबल उठलं की कुणीच नाही. माझ्या हातातला एक निर्णय कमी झाला. बरं झालं.

२१ डिसेंबर, शनिवार

बैठक. लाल क्रॉसचं कलम तसंच ठेवलं. एकाने रामशास्त्र्यांचं नाव घेतलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मी चहा मागवला. प्रायोजक पुढच्या वर्षी राहणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. वडिलांनी अपील केलेलं नाही, मुदत गेली. निकाल कायम: पहिली शर्यत कोल्हापूर, दुसरी शर्यत त्यांचा मुलगा.

ब्लॉक पासबद्दल नवीन ओळ घातली. शेवटच्या फेरीतल्या धडकेला पहिल्या फेरीतलीच मोजपट्टी, आणि पाडून मिळवलेली जागा परत. यावर हरकती आल्यात, त्या लेखी मागवल्यात. जानेवारीअखेर निर्णय.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक उंचवट्याला एक डोळा आणि एक झेंडा नसेल तर हे सगळे नियम कागदावरच राहतात. पुढच्या शर्यतीला चार नाके रिकामे आहेत. मुलं येतात, एकदा धूळ खातात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत. तेव्हा हे वाचणाऱ्यांना सांगणं: रविवार मोकळा असेल तर या. गाडी चालवता आली पाहिजे असं नाही. सकाळी सहाला हजर व्हावं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, चपला नकोत. नाश्ता, जेवण आणि शिट्टी आमच्याकडून. वही आणि पेन मात्र स्वतःचं आणा.